मिलन गायचं नाही

१९ फाल्गुन

मिलन नको म्हणे! डोकी फिरलीत का या नंदी घराण्याची? बाप वृंदावनात वारला, त्याच्या श्राद्धाला मला कीर्तनाला बोलावतात. आख्यान कुठलं, तर कृष्ण मथुरेला निघून जातो आणि राधा मागे रडत राहते, ते. आणि वर निरोप — रडण्यावरच थांबा. शेवटी दोघांची भेट गायची नाही.

राधेला रडत टाकून मी उठू? आमच्यात आजवर कुणी उठलेलं नाही. गुरुमा तापाने फणफणल्या होत्या, तरी दोन ओळी का होईना, मिलन गाऊनच आडव्या झाल्या. नाहीतर अशुभ! शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

२० फाल्गुन

आमचे साथीचे श्रीदामदा खोल — त्यांचा मातीचा मृदंग — मांडीवर घेऊन म्हणतात, पंगतीची घाई असेल त्यांना, मनावर घेऊ नकोस. घेणार!

२२ फाल्गुन

गेले नंदींकडे. मुलगा रतिकांत, चांगला चाळिशीचा बाप्या, पण मान वर करीना. "आईचा हट्ट आहे, दीदी."

आई — मोक्षदा — ओसरीवर विळी घेऊन भोपळा चिरत बसलेली. तिला ऐकू जाईल असंच बोलले. हा रतिकांत पाळण्यात होता तेव्हा नवरा सगळं सोडून वैरागी झाला. एवढा त्याग! अख्खं गाव त्याच्या तसबिरीला हार घालतं. आणि हिला त्याच्या नावाने राधाकृष्णाची भेट ऐकवत नाही! काळीज आहे की दगड?

बाई भोपळा चिरत राहिली. माझी तळपायाची आग मस्तकात. मिलन गाणार म्हणजे गाणारच.

२५ फाल्गुन

गायले. राधेबरोबर मांडव रडला. मग कुणाकडे न बघता मिलन उचललं. लोक हात वर करून नाचले, बत्तासे उधळले, बायका माझ्या पाया पडल्या. मोक्षदा तेवढी उठून आत गेली. म्हटलं, जा!

निघताना तीच दही-पोहे घेऊन आली. समोर बसली.

"गळा गोड आहे गं तुझा. पण कृष्ण मथुरेहून आला नव्हता. तुम्ही लोक आणता त्याला, दर वेळी." पोह्यांवर गूळ घातला. "माझा गेला, तर त्याचा साधू केला गावाने. आणि मी पुण्यवान! मला कुणी रडू दिलं नाही. एक दिवस माझ्या अंगणात राधेला तरी रडू द्यायचं होतंस."

हातातला घास पानात परत ठेवला. मेल्या त्या साधूचा इतका राग आला! आणि गावाचा. आणि बायका ज्यांवर पडल्या त्या माझ्या पायांचा.

२६ फाल्गुन

सकाळी रियाजाला बसले. राधेच्या रडण्यापाशी आले. श्रीदामदांनी सवयीने मिलनाचा ठेका धरला. मी खोलावर हात ठेवला.