फोरम बंद करणार नाही

४ ऑगस्ट
इंग्रजीच्या तासाला अकरावीच्या मुली तोंडच उघडत नाहीत. म्हणून वर्गाचा ऑनलाइन फोरम काढला. नियम एकच, चुकीला हसायचं नाही. विषय: आपलं कॉलेज. बारामतीहून घरी जाताना एस.टी.त वाचलं. मुलं क्रिकेटवर. मुली गप्प.

७ ऑगस्ट
कळंबच्या सारिकानं लिहिलं, 'लेडीज टॉयलेट लॉक. व्हाय?' क्रियापद नाही, पण प्रश्न पक्का. तासानंतर तिला विचारलं. कुलूप कधीचंच आहे म्हणे. मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

८ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. टॉयलेट पाहुण्यांसाठी स्वच्छ राहावं म्हणून कुलूप. किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये.
"मॅडम, इंग्रजी शिकवा. चर्चा नको."
म्हटलं, सर, चर्चेशिवाय भाषा कशी शिकवू? पुढच्या वर्षीच्या माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर सही त्यांचीच, याची त्यांनी आठवण करून दिली. दिली तर दिली.

११ ऑगस्ट
सारिकाचे वडील आले, तात्या. भाजीपाला करतात. प्राचार्यांनीच फोन केलेला. म्हणाले, "म्याडम, तुमचं बरूबर असंल. पन पोरीचं नाव कशाला पुढं? पुसून टाका."
पुसू का, ते सारिकालाच विचारलं.
"न्हाय पुसायचं."
तात्या चहा न घेताच निघाले. वाईट वाटलं. पण पुसलं नाही.

१२ ऑगस्ट
सारिकाच्या वाक्याखाली तिच्या मैत्रिणीनं, अश्विनीनं लिहिलं, 'द लेडीज टॉयलेट इज लॉक्ड. व्हाय?' नुसती चूक सुधारलेली. त्याखाली दुसरीचं तेच वाक्य. मग वर्गातल्या सगळ्याच मुली, नावानिशी. दोन-तीन मुलंही. जूनपासून 'इज' शिकवत होते...

१४ ऑगस्ट
प्राचार्यांचा निरोप: सोमवारपर्यंत फोरम बंद, नाहीतर तुम्ही बंद. आई फोनवर म्हणाली, आधी नोकरी सांभाळ. तेच तर करतेय.
तासाला 'हू'चे प्रश्न घेतले. सारिका आली नव्हती. तात्यांनी घरी ठेवली, अश्विनी सांगत होती. सोमवारी कळंबला जाऊन यायचं, प्राचार्य काहीही म्हणोत.
संध्याकाळी फोरमवर सारिकानं घरून टाकलेला प्रश्न दिसला, 'हू हॅज द की?' सगळ्यांनी वाचलेला. उत्तर कुणाचंच नाही.
मीच लिहिलं, माझ्या नावानं: 'द प्रिन्सिपल हॅज द की.'