गाण्याचा अर्थ सांगितला कोणी

नाशिक, ६ नोव्हेंबर १९३७

आज वाचनालयाच्या समितीत राष्ट्रगीताचा निकाल लावला. आम्ही सातजण, त्यांतले एक करीमभाई, मूळचे येवल्याचे, पैठणीचे व्यापारी, माझे वीस वर्षांचे स्नेही. सभेच्या आरंभी गाणं सगळं म्हणायचं की पहिली दोनच कडवी, एवढाच प्रश्न.

करीमभाई म्हणाले, "पहिली दोन मी उभा राहून म्हणेन. पुढे देवीची पूजा आहे, तेव्हा मला बसू द्या."

"इतकी वर्षं उभे होतात की," अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले. "हा अर्थ तुम्हाला सांगितला कोणी?"

मी सांगितला. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, मी ओळ न् ओळ उलगडून दिली. आम्हा सातांत अर्थ विचारणारा हा एकटाच. बाकीचे अर्थ न कळताच गहिवरतात, आणि त्यांना कोणी हटकत नाही.

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वाचून कळलं," म्हणाले. त्यांना उर्दूखेरीज अक्षर लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

वकीलसाहेब हसले. "कोण्या मौलवीने कान भरले, दुसरं काय."

तेव्हा तरी बोलायचं? साऱ्या गावाची टवाळी करणारी माझी ही जीभ. मतं घेतली. सगळं गाणं, सगळ्यांनी उभं राहून. माझा हात वर होता. होता म्हणजे, मी केला होता.

करीमभाईंनी आपला राजीनामा लिहून मागितला. अक्षर माझंच बरं, म्हणून मीच लिहिला. काय लिहिलंय, ते त्यांनी विचारलं नाही. खाली सही केली.