रडत असताना दार उघडायचं नाही

आई, मी जिन्यात बसले आहे. स्वतःच्याच घराबाहेर, स्वतःच दार ओढून घेऊन, या वयात! आत कुत्र्याचं पिल्लू केकाटतंय. यजमान गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून लेकाने ते सोबतीला आणून दिलं, आणि वर एक तारेचा पिंजराही. सोबत कसली, डोक्याला ताप नुसता. मी भाजी आणायला खाली उतरले तरी ते घसा फाटेस्तोवर ओरडतं. शेजारी बेल वाजवून सांगून गेले. लेक म्हणतो, "पिंजऱ्यात एकटं राहायला शिकलं तर ठीक, नाहीतर रविवारी परत नेतो." मला ते परत जाऊ द्यायचं नाहीये. कितीही वैतागले तरी सकाळी उठल्यावर माझी वाट बघणारं घरात तेवढंच आहे. म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी रोज इथे पायरीवर बसते, ते गप्प व्हायची वाट बघत. कुत्र्यांना शिकवणारा एक मुलगा फोनवर सांगतो, "आजी, रडत असताना दार उघडायचं नाही." मी मनात म्हणते, बाळा, तुझ्या बापाचाही जन्म नव्हता तेव्हा हे मी लालबागच्या चाळीत शिकलेय.

तुला आपलं ते पिल्लू आठवत असेल. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, नाक्यावर अश्रुधूर सोडलेला, सगळ्यांचे डोळे लालभडक, आणि ते जिन्याखाली थरथरत बसलेलं. मी उचलून वर आणलं. तू मिलमधून आलीस, केसांत कापूस अडकलेला, आणि माझ्यावर कडाडलीस, "माणसांक रवाक जागा नाय, आणि ह्या खय ठेवतलंस?" असं म्हणता म्हणताच त्याच्यासाठी भाकरी कुस्करत होतीस. बाबा गेल्यापासून आपण दोघीच. तू कामावर, मी शाळेत, आणि मागे हे एकटं राहिलं की चाळ डोक्यावर घ्यायचं. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपायची, त्यांची झोपमोड. समोरच्या काकूंनी तर सरळ सांगितलं, "भायखळ्याच्या बाजारात सोडून ये ते, नाहीतर आमचे हे एक दिवस त्याचं काहीतरी करतील." मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी तू वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलंस. आत जुनं लुगडं, पुढे आडवी फळी. त्याला भाकरी द्यायची ती खोक्यातच. मग फळी लावायची, दार ओढून घ्यायचं आणि आपण दोघींनी जिन्यात जाऊन बसायचं. आत ते रडायला लागलं की मी उठायची आणि तू माझा फ्रॉक धरून खाली बसवायचीस. "रडता हा तवसर दार उघडूचा नाय. गप रवला काय उघडूचा. आणि लाड करूचे नाय. मी गेलंय काय नि इलंय काय, तेका सारख्याच वाटाक होया." दिवसभर उभ्याने काम करून आलेली तू, एरवी कधी क्षणभर टेकायची नाहीस. माझ्या शेजारी तू निवांत बसलेली मला आठवतेस ती तेवढीच, कुत्र्याच्या निमित्ताने. हळूहळू ते शिकलं. काकूंची तक्रार थांबली.

मग एक दिवस मिलमधल्या तुमच्या खात्यातल्या बायका मोर्चाला निघाल्या. "येतंय गो," एवढंच म्हणालीस, नळावर निघाल्यासारखी. आणि आलीच नाहीस. काकूंनी सांगितलं, बायकांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं. त्यांनी भात वाढला, तो मी तसाच पिल्लापुढे नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपल्या खोलीत खोक्यात तोंड खुपसून रडते आहे, पिल्लू माझा कान चाटतंय, आणि दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसतात. अंगठ्याचं ते काळं पडलेलं नख. मी मुद्दाम मोठ्याने भोकाड पसरते. पाय हलत नाहीत. आणखी मोठ्याने. तरी नाहीत! शेवटी दमून गप्प झाले, तेव्हा तू दार उघडलंस, स्टोव्ह पेटवलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "चाय घेतलंस गो?"

आई, त्या चहाचा राग मी किती वर्षं धरला! मला कुत्र्यासारखं वागवलंस असं वाटायचं. माझ्या मुलांना मी धावत जाऊन उचललं ते तुझ्यावर सूड म्हणून. तुझ्या तेराव्याला काकू आल्या होत्या, पार वाकलेल्या. त्या आपणहून म्हणाल्या, "त्या दिवशी तुझी आई पोलिसांकडून सुटून आली ती दारातच पदर तोंडात कोंबून रडत उभी. मी म्हटलं, अगं आत जा, पोर रडतंय. तर म्हणाली, 'रडक्या तोंडान कशी जाव? माका रडताना बघल्यान तर चेडू परत माका घराभायर सोडूचा नाय. आणि माका उद्या कामार जावक होया.'" मी तशीच उठून पंगतीत वाढायला गेले.

हे लिहिलं तरी तुला कुठे पाठवणार? पाठवलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढं मला जमलं नसतं. आणि एक सांगू? पिल्लू केव्हाचं गप्प झालंय. शहाण्यासारखं. दार उघडायला हवं, पण गप्प व्हायची मीच राहिलेय.