भोकांची डॉक्टर

३ फेब्रुवारी, मंगळवार

पडले! डायलिसिसच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सरळ आडवी.

गेले होते हितूला धीर द्यायला. धाकटा भाऊ, सदतीस वर्षांचा, दोन्ही किडन्या निकामी. आता आठवड्यातून तीनदा — मंगळ, गुरू, शनी — परळला येऊन मशीनला लावून घ्यायचं. नळीतून त्याचं रक्त वर चढताना दिसलं आणि मी खाली. हितू खुर्चीतूनच ओरडला म्हणे, "सिस्टर, माझं राहू दे, आधी ताईला बघा!"

आणि बाई कोण? तर रक्त गाळणाऱ्या पडद्यांवर पीएचडी. पंधरा वर्षं त्या पडद्यांच्या भोकांची मापं घेतेय. पण लॅबमध्ये आमचं रक्त म्हणजे मीठपाणी, युरिया आणि बाटलीतलं प्रोटीन. त्या भोकांतून खरं रक्त जाताना आज पहिल्यांदा पाहिलं. धन्य!

४ फेब्रुवारी

कपाळाला टेंगूळ. कॉलेजात सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

परत गेले. नळ्यांकडे पाठ करून बसले. हितू शेजारच्या खुर्चीतल्या काकांना म्हणाला, "ही माझी ताई, लतिका. भोकांची डॉक्टर."

एके काळी काकी विचारायची, "पडद्यावर काम करतेस म्हणे, कुठल्या सिरियलमध्ये?" त्यापेक्षा हे बरं.

मग काय, सुरूच झाले. मशीनला लावलेल्या त्या नळकांड्यात केसासारख्या हजारो नळ्या असतात. त्यांच्या भिंतीच गाळतात. युरिया बारीक, तो सहज निसटतो. प्रोटीन मोठं, ते आत राहतं. भोकं फार बारीक ठेवली तर मधल्या आकाराची घाण अंगातच साचते. मोठी केली तर घाणीबरोबर प्रोटीनही चाललं, मग माणूस सुजतो. सगळी कसरत त्या मधल्या मापाची — आणि ते माप डोळ्याला दिसत नाही!

छान रंगले होते. वळून बघते तर हितू झोपलेला. काका मात्र जागे. "मॅडम, पुढे?"

१५ फेब्रुवारी, रविवार

काळाचौकीला, आईकडे. डॉक्टरांनी किडनी बदलायचं सुचवलंय. सीमाचा — हितूच्या बायकोचा — रक्तगट जुळत नाही. आईला डायबिटीस. सीमाने हे सांगितलं. माझ्याकडे कोणी बघेना. इतकं कसोशीने बघेनात, की मला घाम फुटला.

जेवायला बांगडा. सीमाने मधला, जाडजूड तुकडा मला वाढला. मला का? दरवेळी हितूला वाढते. आई म्हणाली, "खा गो, किती वाळलंस!" जनावराला आधी चारतात तसं वाटलं. दोन घास जेमतेम गेले. घरी दादरला येऊन बिस्किटं खाल्ली.

१८ फेब्रुवारी

कारणं जमवतेय. पेपर तपासायचेत. मी एकटी राहते, ऑपरेशननंतर माझं कोण करणार? वय एकेचाळीस. उन्हाळा तोंडावर आलाय! (उन्हाळा? लतिका, लाज बाळग.)

आणि हे सगळं कुणाला सांगायचंय? अजून मला कोणी विचारलेलंसुद्धा नाही.

२४ फेब्रुवारी

लॅबमध्ये सलोनीवर डाफरले. बिचारीची पीएचडी माझ्या हाताखाली चाललीय. तिच्या नव्या पडद्यातून प्रोटीन गळतंय. ती म्हणाली, "पण मॅडम, भोकांची सरासरी अगदी तुमच्या पेपरातल्याइतकीच आहे."

"सरासरीचं कौतुक मला सांगू नकोस. सगळ्यांत मोठं भोक केवढं, ते सांग. दुप्पट रुंद भोकातून सोळापट पाणी जातं. अशी चार निघाली की बाकी हजारो शहाणी असून उपयोग नाही!"

ती गेली आणि मी खुर्चीत बसून राहिले. सरासरी काढली तर मी उत्तम बहीण आहे. राखी, भाऊबीज, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, औषधांचे फोटो — सगळं वेळेवर. गळती कुठे आहे, ते मला माहीत आहे.

५ मार्च, गुरुवार

मशीनवर असतानाच हितूचं बीपी उतरलं. बोलता बोलता ओठ पांढरे. डोळे फिरले. सिस्टर धावली, "पाय वर धरा!" मी धरले. गार पाय, टाचांना भेगा. लहानपणी हेच पाय माझ्या पोटावर टाकून झोपायचा हा. सलाईन गेलं, रंग परत आला. डोळे उघडून म्हणाला, "ताई, आज उभी आहेस?"

बाहेर जिन्यात सीमाला म्हटलं, "माझी तपासणी करायचीय. किडनीसाठी."

ती पायरीवर मटकन बसली. "ताई, आम्ही तुम्हाला विचारणारच नव्हतो. ह्यांनी शपथ घातली होती. ताईला विचारायचं नाही म्हणून."

"मग तो बांगड्याचा मधला तुकडा?"

"कुठला तुकडा?"

म्हणजे तो नुसता बांगडा होता! आणि मी तो पानात टाकून आले.

८ मार्च

हितू भडकलाय. फोन घेत नाही. सीमाकरवी निरोप — "तिला सांग, किडनी म्हणजे काय उसनी साखर नाही." आईने मात्र फोन केला. नुसती रडली. मग म्हणाली, "तू पण माझाच लेकरू ना गो, मी कोणाक हो म्हणू आणि कोणाक नको म्हणू?"

१० मार्च

हितूचा मेसेज. "दे. पण लेक्चर नको."

१४ मार्च

आता मला चढलीय. स्वतःच्या त्यागाने मीच भारावलेय! डोळ्यांपुढे येतं — गणपतीत काळाचौकीच्या मंडळाचं स्टेज, शाल, श्रीफळ, माईकवर नाव चुकीचं घेतलेलं. तेही चालेल.

प्रत्यक्षात दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमवतेय. कॅन कापडी पिशवीत घालून टॅक्सीने परळला नेला. जिना उतरताना शेजारच्या रश्मीने विचारलं, "काय, कोकम सरबत का?" हो म्हणून मोकळी झाले. आता ती एक बाटली मागणार.

१७ मार्च

रक्तगट जुळला. बाकीचंही बरंच जुळतंय म्हणे. हितूने फोनवर नुसतं "हं" केलं. पण फोन ठेवेना.

लघवीची तपासणी तेवढी परत करायला सांगितलीय. नक्कीच कॅन नीट धुतला नसेल मी.

२४ मार्च, मंगळवार

कॅन स्वच्छ होता. दोन्ही वेळा प्रोटीन निघालं. बरंच.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय समजवायचं, मॅडम." खरंच आहे. माझ्याच किडनीतला पडदा गळतोय. कधीपासून, कोण जाणे. घराण्यातलं असेल, म्हणाले. देणं आता विसरा, आधी तुमची बायोप्सी.

हितूला कळवलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. त्याने विचारलं, "सोबत कोण येणार?"

"कोणी नाही."

"मग बुधवारची घे. बुधवारी मी मोकळा असतो."