डाव्या पायाचा मोजा

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आणि तुमच्या यजमानांचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. पत्रात आधी ‘आम्ही सर्व खुशाल’ असं लिहायची रीत आहे. पण आम्ही दोघंच, आणि त्यातलं खुशाल कोणीच नाही, म्हणून ते वाक्य गाळते.

तुमच्या बंधूंचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला हे तुम्हाला माहीतच आहे. फोनवर मी ‘ऑपरेशन छान झालं’ म्हणाले होते. छान म्हणजे काय, जो काढायचा तोच पाय काढला. (चहात चमचा उभा राहील एवढी साखर घालणाऱ्या माणसाला जन्मभर सांगून दमले. आता बरोबर ठरले, तर त्याचाही आनंद होत नाही.) शुद्धीवर आल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. काहीही विचारा, उत्तर ‘हं’. एकदाच पूर्ण वाक्य बोलले, “मशीन देऊन टाक कुणाला तरी.” आयुष्यभर पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवलेला माणूस. मी पदर नीट करायच्या निमित्तानं बाहेर गेले.

त्यातच आमच्या खालच्या मजल्यावरची रंगारीण इस्पितळात भेटायला आली. ही बाई न्हाणीघरात लोकर रंगवते, ब्रशनं, चित्र काढावं तशी. ओल्या लडी गॅलरीत टांगते आणि वारा सुटला की तिच्या खालच्यांच्या चादरी फुकटात रंगतात. साखरेच्या रोग्याला फळं कशी न्यायची, म्हणून तिनं लोकर आणली. जांभळ्यातून निळा, निळ्यातून मोरपंखी, मधेच शेंदरी, जणू कुणी गुपचूप हसावं. पाहून मला फार वाईट वाटलं. एवढा रंग आणि आमच्या घरी?

पण हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे जातं, म्हणून मोजा घातला सुयांवर. वन्सं, सांगायला लाज वाटते, पण मला मजा यायला लागली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि बायको मनात म्हणतेय, एवढा निळा संपू दे, मग बघू काय येतं! एकरंगी लोकरीत पुढची ओळ मागच्या ओळीसारखीच, आपल्या दिवसांसारखी. हिच्यात मात्र पुढचा टाका काय घेऊन येईल याचा नेम नाही, आणि जे येतं ते चक्क चांगलं असतं. गेल्या कित्येक महिन्यांत असा अनुभव मला दुसऱ्या कशानं दिला नव्हता.

अर्थात आमचं नशीब सुयांवरही आडवं आलंच. गुंडा मांडीवरून निसटला, तीन खाटांखालून गेला आणि औषधांच्या गाडीच्या चाकात अडकला. सिस्टर गाडी ढकलत पुढे, लोकर तिच्या मागे आणि मी सुया धरून लोकरीच्या मागे, अशी आमची वरात निघाली. वाटेत एका हर्नियावाल्या आजोबांच्या सलाईनच्या खांबाला वेढा पडला. (त्यांनी हसू नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. ते हसले आणि मग बराच वेळ विव्हळले.) शेवटी सिस्टरनं कात्री चालवली. मी तुटकी टोकं घेऊन ह्यांच्याशेजारी बसले, तर भिंतीकडून आवाज आला, “गाठ मारू नकोस. टोचेल.” आणि वळले! माझ्या हातातून टोकं घेतली, त्यांचे पीळ सोडवून एकमेकांत गुंफली, पिळली आणि परत दिली. मग पुन्हा भिंत. पण वळले होते, वन्सं.

घरी आल्यावर मोजा पुरा झाला. एकच विणला होता. दुसरा विणणं म्हणजे जखमेवर मीठ, असा माझा हिशेब. डाव्या पायात चढवला. ह्यांनी पाय इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

“दुसरा कुठाय?”

मी मोज्याची नसलेली सुरकुती सारखी करायला लागले.

“अगं, नवा पाय बसवणार आहेत ना? तो काय उघडाच हिंडवू?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भरपूर भांडी घासली. ती घासलेलीच होती.

आता दुसरा सुयांवर आहे. हातानं रंगवलेली लोकर, त्यामुळे शेंदरी पट्टा पहिल्यात घोट्यावर, तर दुसऱ्यात पोटरीवर. गणवेशवाल्या माणसाला हे खपत नाही. दोनदा उसवायला लावलं. नवा पाय बसेल की नाही, मशीन चालेल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : लोकर टाचेशी संपली. रंगारीण म्हणते, तोच रंग पुन्हा जमणार नाही. तिनं खरं म्हणजे दोन लडी दिल्या होत्या. दुसरीची टोपी विणून मी तुमच्या यजमानांना पाठवली होती. ती परत हवी आहे. खोकल्याला मफलर जास्त चांगला, असं सगळेच म्हणतात.

आणखी ता. क. : टोपी पोस्टानं पाठवू नका, घेऊन या. मोजाबिजा राहू दे. हे माझ्याशी फार समजूतदारपणे वागायला लागलेत, मोजा सोडला तर काही लागलं तरी मागत नाहीत. तुमच्याशी निदान भांडतील तरी.