गल्ल्यामागच्या बाई

१६ नोव्हेंबर, रविवार. इचिकावा

डोकं चालेनासं झालंय. दुकानात गल्ल्यामागे इंग्लंडच्या त्या पंतप्रधान बाईंचा फोटो मी पहिल्या दिवसापासून लावलाय. वाण्याची मुलगी एवढी मोठी झाली, मग वाण्याच्या मुलाने मान का देऊ नये? शेजारचे जपानी तानाका-सान तर त्या फोटोपुढे वाकतात. बाईंच्या काळात तानाका-सानांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये कारखाना काढला होता.

आज बायकोने देवांबरोबर त्या फोटोलाही हार घातला आणि नेमका डेव्हिड आला. मूळचा इंग्लंडचा, इथे जपानी मुलांना इंग्रजी शिकवतो, दर रविवारी माझ्याकडून लोणचं नेतो, जिवाभावाचा दोस्त. हार बघून म्हणाला, "मेली म्हणून घातलाय ना? मग ठीक." मी हसलो. तो हसला नाही. "हिने कोळशाच्या खाणी बंद केल्या. खाणीतून काढलेल्या बाबांना पुन्हा काम मिळालंच नाही," म्हणाला आणि लोणचं न घेताच वळला.

इतक्या वर्षांची दोस्ती फोटोपायी घालवू? मी झटकन फोटो खिळ्यावरून काढला. "थांब रे, हा बघ, काढला."

तर हाच म्हणतो, "राहू दे भिंतीवर. आईने हिलाच मत दिलं होतं. हिच्यामुळे आमचं भाड्याचं सरकारी घर आईला विकत घेता आलं. त्याच घरात बसून बाबा मरेपर्यंत हिला शिव्या घालत होते."

"मग तू कुणाच्या बाजूचा?"

तो म्हणाला, "ते घर अजून मला विकवत नाही, हेमंत-सान."

चहा पिऊन गेला. फोटो तांदळाच्या पोत्यावर पडलाय. बायको विचारतेय, "अहो, लावू का परत?" काय सांगू तिला?