सकाळची गोळी

आई, नऊ वर्षांपूर्वी मी तुला जे ओरडून विचारलं, ते नीट कसं विचारायचं हे आत्ता शिकतोय. अर्धवट सोडलेलं कॉलेज पुढं पुरं केलं आणि धारूरच्या एका दवाखान्यात आरोग्य मानसशास्त्राचं प्रशिक्षण घेतोय. काम ऐकून तू हसशील: माणसं गोळ्या का घेत नाहीत, ते शोधायचं.

त्या दुष्काळात दूध संस्थेनं दिंद्रुडच्या माळावर जनावरांची छावणी उघडलेली. दावणीला आपल्या दोन म्हशी, वर जुन्या साड्यांचं छप्पर, खाली तू. मी डबा घेऊन येतो, उशाची पिशवी उचकतो, तर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं.

"कावून घेत न्हाईस गं?"

"इसरले."

"म्हशीची पेंड बरी आठवती!"

"म्हस हंबरती, बाबा. गोळी हंबरत न्हाई."

शेजारच्या दावणीची मावशी खदखदून हसली. मी पाकीट शेणात भिरकावलं. तू ते पुसून परत पिशवीत ठेवलंस. महिन्याभरात तू तिथंच कोसळलीस, ती परत उठली नाहीस.

परवा दवाखान्यात एका बाईला मी तसंच विचारलं, आवाज चढवून. ती खाली बघत म्हणाली, "इसरते." आमच्या मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "गोळी घेता त्या दिवशी काय काय होतं, सांगता का?" बाई बोलायला लागली ती थांबेना. त्या गोळीनं सारखं लघवीला होतं. टँकरची रांग सोडली की नंबर जातो, आणि जावं तरी कुठं, चहूकडं गडीमाणसं.

तेव्हापासून मी छावणीतला आडोसा आठवून बघतोय. पाण्याची टाकी आठवते, कडब्याची गंजी आठवते, अंधाराची वाट बघत बसलेल्या बायकाही आठवतात. आडोसा आठवत नाही. हेच होतं का, की आणखी काही? मॅडम म्हणतात, दुसऱ्याचं उत्तर आपण द्यायचं नाही.

माझं देतो. घरटी एकानं छावणीत राहायचं, आणि कॉलेज सोडून रिकामा मीच होतो. माजलगावला काम आहे म्हणून तुला सांगायचो. काम नव्हतं. दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या एका मुलीच्या दारासमोरच्या हॉटेलात चहा पीत बसायचो. तिनं एकदाही बघितलं नाही.

ते पाकीट माझ्याकडं आहे. हे पत्र त्याच्याच खाली ठेवतोय. त्यात गोळीचं एक घर फोडलेलं, रिकामं आहे, आई. मी ओरडून गेल्यावर तू एक गोळी घेतलीस. त्या दिवशी काय काय झालं, सांगतेस का?